चाळीस मिनिटं

जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर माझ्याच अक्षरात एक यादी आहे. प्रोसेसर ५,०००, बोर्ड ४,०००, रॅम ४,७००, ग्राफिक्स कार्ड ११,५००, एसएमपीएस २,३००, हार्ड डिस्क ३,२००, कॅबिनेट १,५००. बेरीज ३२,२००. त्यातल्या २०० भोवती गोल काढलेला आहे, कारण माझ्याकडं बरोब्बर बत्तीस हजार होते आणि वरचे दोनशे आईनं भिशीतून काढून दिले. यादीत मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही, माउस नाही. तिथपर्यंत पैसे पोचलेच नाहीत.

साल २०१७. मी पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि डोक्यात एकच खूळ होतं: जीटीए फाइव्ह आपल्या घरात, आपल्या मशीनवर चालली पाहिजे. राहायला आम्ही जुन्या जालन्यात, आनंदी स्वामींच्या देवळाच्या अंगाला. कुंडलिकेत पाणी असो नसो, अलीकडचे ते जुने जालनेकर आणि पलीकडचे नवीन, हा भेद पक्का. सदर बाजार, मोंढा, पैशाची उलाढाल सगळी पलीकडं. आमच्या बाजूला कचेरी, कोर्ट, देवळं, मशिदी आणि त्या सगळ्यांच्या मधल्या एका गल्लीत अण्णांचं सेवा केंद्र.

अण्णा नात्यानं आमचे कुणी नव्हेत. आधी त्यांचा टायपिंगचा क्लास होता, मग लग्नपत्रिका जुळवायचं डीटीपी आलं, मग ‘आपले सरकार’ची पाटी. धंदा तीनदा बदलला, बोटं मात्र रेमिंग्टनचीच राहिली. कीबोर्डवर ती अशी आपटायची की शेजारच्या चहावाल्याला आत काम चालू आहे की नाही ते कानानंच कळायचं. जूनपासून मी त्यांच्याकडं बसत होतो, रोजचे दीडशे रुपये. त्याआधी शिकवण्या घेऊन जमवलेले साडेनऊ हजार बिस्किटाच्या डब्यात होते, सगळे पाचशेच्या नोटांत. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री त्यांचा कागद झाला. बाबांनी रांगेत उभं राहून ते माझ्या खात्यात भरले आणि म्हणाले, “बरं झालं, आता उडवायचे म्हटलं तरी उडणार नाहीत.”

बाबा रोलिंग मिलमध्ये इलेक्ट्रिशियन. जालन्याचं निम्मं पोट भंगार वितळवून केलेल्या सळईवर चालतं, त्यातलं आमचंही. संगणकातलं त्यांना काही कळत नाही असं मी धरून चाललो होतो. एका रात्री मी वहीत यादी लिहीत बसलो असताना जेवता जेवता त्यांनी विचारलं, “करंट कोण देणार ह्या सगळ्याला?” मी म्हटलं, कॅबिनेटबरोबर एसएमपीएस फुकट येतो, साडेचारशे वॅटचा. दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर दुकानात आले. फुकटवाला डबा त्यांनी एका हातात घेतला, दुसऱ्या हातात चांगल्या कंपनीचा, आणि भाजीवाल्यानं दुधी जोखावा तसे दोन्ही जोखले. मग चष्मा कपाळावर सरकवून फुकटवाल्याच्या पाठीवरची चिठ्ठी वाचली. बारा व्होल्टला सोळा अँपिअर. “बारा सोळा?” त्यांनी मला विचारलं. एकशे ब्याण्णव, मी म्हटलं. “मग हे साडेचारशे कुठून आणले यानं?” प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही बारा व्होल्टवरच जगतात, तेव्हा आपल्याला त्याच एका ओळीशी मतलब, बाकीचे आकडे पाटी रंगवायला. माझी बेरीज तशी लहान होती, प्रोसेसर ५४ वॅट आणि कार्ड ७५. हलका डबाही कागदावर पुरला असता. “कागदावर,” बाबा म्हणाले. “मे महिन्यात पत्र्याखाली बघू.” तेवीसशे तिथं गेले. आज मी कुणाला मशीन सुचवतो तेव्हा यादी एसएमपीएसपासून वर लिहीत जातो, ती सवय त्या दुधी जोखण्यापासूनची.

बाकीची यादी मी स्वतः जुळवली, आणि सांगायला हरकत नाही, बरी जुळवली होती. त्या वर्षी जानेवारीत इंटेलचा पेंटियम जी-४५६० आला होता. कोअर दोनच, पण थ्रेड चार. आदल्या पिढीच्या डेस्कटॉप पेंटियमला ही चैन नव्हती. आय-थ्रीचं काम जवळपास अर्ध्या किमतीत. एएमडीचे रायझन मार्चपासून येत होते, पण त्यांचे बोर्ड माझ्या हिशेबात बसेनात. कार्ड जीटीएक्स १०५० टीआय. त्याला वेगळी वायर द्यावी लागत नाही, बोर्डाच्या खाचेतून मिळणाऱ्या ७५ वॅटवर भागतं. त्याच्या वरचं घ्यायचं तर तो काळ वाईट होता. बिटकॉइनच्या भावंडांचं खाणकाम करणाऱ्यांनी जगभरातली मधल्या किमतीची कार्डं उचलली होती, आणि रॅमचा भाव तर वर्षभर चढतच होता. कुठल्या देशात कोण काय खणतो, त्यानं जुन्या जालन्यातल्या पोराची वही खोडावी लागते, हे मला तेव्हाच पहिल्यांदा कळलं. रॅमपुढचा आकडा तीनदा खोडलेला आहे.

बोर्ड घेतला एच-११० चा, औरंगाबादहून. सॉकेट ११५१, प्रोसेसरही ११५१ चाच. रॅम डीडीआर-४, बोर्डही डीडीआर-४ चाच. कार्डाची लांबी मोजली, कॅबिनेटची खोली मोजली. प्रत्येक ओळीपुढं बरोबरची खूण केली आणि प्रोसेसर ऑनलाइन मागवला.

आमच्याकडं त्या उभ्या डब्यालाच ‘सीपीयू’ म्हणतात; आईनं शेजारच्या काकूंना बोलावून “पोरानं सीपीयू घरीच केला” असं सांगितलं त्या संध्याकाळी मी बटण दाबलं. पंखे फिरले. एसएमपीएसचा, प्रोसेसरचा, मस्त फिरले. काकूंच्या घरून मागून आणलेल्या मॉनिटरवर मात्र काळोख. रॅम काढून घातली. खोडरबरानं तिची सोनेरी कड घासली. कार्ड काढून नुसत्या बोर्डावर लावून पाहिलं. पंखे फिरत होते, काळोख तसाच. काकू चहा पिऊन गेल्या.

दोन दिवसांनी कळलं ते असं. एच-११० हे बोर्ड निघाले सहाव्या पिढीच्या प्रोसेसरसाठी. माझा पेंटियम सातव्या पिढीचा. सॉकेट तेच, टोकं तीच ११५१, बसतो अगदी मापात. पण बोर्डावर एक चिमुकली चिप असते, तिच्यात बायोस असतो, आणि त्या बायोसला माहीत असलेलेच प्रोसेसर तो चालू करतो. नवा प्रोसेसर ओळखायचा तर बायोस नवा भरावा लागतो. नंतर निघालेल्या मालावर ‘सातव्या पिढीला तयार’ असा स्टिकर यायचा; माझा खोका त्याआधीचा, गोदामात पडलेला. आणि नवा बायोस भरायचा तर बोर्ड चालू व्हावा लागतो, बोर्ड चालू व्हायला त्याच्या ओळखीचा, सहाव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. तो माझ्याकडं कुठून असणार? दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, माल चालू आहे, प्रोसेसर तुम्ही बाहेरून घेतलाय. त्याचंही खरंच होतं. मी सॉकेट जुळवलं होतं, तारीख जुळवली नव्हती.

हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी बायोस, पिढी वगैरे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे माणूस दारात आलाय, पण यादीत नाव नाही.”

तो हंगामच याद्यांचा होता. जूनअखेरीस कर्जमाफी जाहीर झाली होती, छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना, दीड लाखापर्यंतची. जुलैच्या चोवीस तारखेपासून अर्ज सुरू झाले, तेही ऑनलाइन. नवरा-बायको दोघांनी आधार घेऊन यायचं, दोघांनी अंगठा द्यायचा. शेवटची तारीख १५ सप्टेंबर. ती नंतर २२ वर गेली, पण १४ ला हे कुणाला माहीत असणार. मंठा, घनसावंगी, बदनापूर, कुठून कुठून जोडपी येत. सर्व्हर रात्री जरा मोकळा असायचा म्हणून रात्रीच गर्दी जास्त. पायरीवर, समोरच्या ओट्यावर माणसं अंगावर टॉवेल ओढून झोपलेली, बायका पिशव्या उशाशी घेऊन बसलेल्या. अण्णा नंबराच्या चिठ्ठ्या देत. केंद्रात मशीन दोन. एक जुनं, खडखडणारं, त्यावर नुसतं टायपिंग. अंगठ्याचं यंत्र दुसऱ्यावर, आदल्या वर्षी घेतलेल्या चांगल्यावर. त्याच्या पोटात सहाव्या पिढीचा आय-थ्री होता. मला ते माहीत होतं. आठ दिवस मी त्याच्या शेजारी बसून फॉर्म भरत होतो आणि त्या डब्याकडं बघत होतो. मागायची हिंमत नव्हती.

शेवटच्या आठवड्यातली रात्र. एक वाजून गेला असेल. एका माणसाचा कर्जखात्याचा नंबर मी चुकीचा टाकला. अण्णांनी प्रिंट काढायच्या आधी पासबुकाशी ताडून पाहिला म्हणून सापडला. ते ओरडले नाहीत. त्या माणसाला लावून दिलं, आणि मग मला म्हणाले, “तुझं लक्ष कुठं आहे ते मला ठाऊक आहे. उद्या असाच एखाद्याचा आकडा चुकला तर तो बिचारा वर्षभर हेलपाटे घालील. जा, घेऊन ये तुझा डबा.”

मी धावत गेलो आणि कॅबिनेट उचलून घेऊन आलो. पेन ड्राइव्हवर नवा बायोस उतरवून ठेवून चार दिवस झाले होते.

पुढचा नंबर एका म्हाताऱ्या जोडप्याचा होता, मंठ्याकडचं. संध्याकाळी सहापासून बसलेले. अण्णा त्यांना म्हणाले, “बाबा, अर्धा तास थांबा. जरा मशीनचं काम निघालंय.” म्हातारबाबा उठून आत आले. “कामून, बिघडलं का?” “नाही, या पोराचं मशीन उठू नाही राहिलं.” म्हातारबाबांनी माझ्याकडं पाहिलं, माझ्या डब्याकडं पाहिलं. बाहेर वळून बायकोला म्हणाले, “थांबावं लागंल.” तिनं मान हलवली.

अण्णांचं मशीन टेबलाखाली. वर ट्यूब होती, पण आत आमच्याच डोक्यांची सावली. म्हातारबाबांनी कमरेची बॅटरी काढली आणि न सांगता धरली. पंख्याच्या चारही खुंट्या पाव-पाव फिरवून ओढल्या, पंखा निघाला. खाली वाळलेली पांढरी पेस्ट. लोखंडी दांडी दाबून बाजूला केली, झाकण उघडलं. “बोट लावू नको आत,” अण्णा म्हणाले, तेव्हा त्यांचा आवाज वेगळा होता. सॉकेटात केसाएवढ्या सोनेरी टाचण्या ११५१. त्यातली एक वाकली तर बोर्ड गेला, आणि त्या आठवड्यात बोर्ड गेला म्हणजे गल्लीभर झोपलेल्या लोकांची रांग गेली. हे त्यांना माझ्याइतकंच कळत होतं. मी प्रोसेसर दोन कडांनी उचलला. बॅटरीचा उजेड जरासुद्धा हलला नाही. रात्री मोटर चालू करायला जाणाऱ्या माणसाचा हात होता तो.

माझ्या बोर्डात आय-थ्री बसवला, केंद्राच्या मॉनिटरची वायर लावली, यूपीएसवर जोडून बटण दाबलं. पडद्यावर कंपनीचं चिन्ह आलं. पहिल्यांदाच. मी ओरडलो असेन, कारण ओट्यावरचा एकजण उठून बसला. पेन ड्राइव्ह लावला, फाइल निवडली. आता मध्ये लाइट गेली तर बोर्ड कायमचा मेला, म्हणून तर हे घरी करायची सोय नव्हती. टक्के चढायला लागले. म्हातारबाबा वाकून पाहत होते. “ह्यात ओढणारा कोनता?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दोघं ओढतात बाबा, हा प्रोसेसर अन् ते कार्ड. “सारखे हायेत का? न्हाई तर थकल्याच्या चालीनं दुसऱ्यालाबी चालावं लागतं.” इंटरनेटवर मी ह्याच गोष्टीला बॉटलनेक म्हणतात हे वाचून, आलेख बघून महिनाभर घालवला होता.

शंभर टक्के. पुन्हा सगळं उलटं. आय-थ्री परत त्याच्या जागी, नवी पेस्ट, पंखा. अण्णांचं मशीन चालू केलं तर पडद्यावर पंख्याची चूक आहे अशी ओळ, आणि माझ्या पोटात गोळा. पाच मिनिटं काही सुचेना. पंख्याची वायरच लावायची राहिली होती.

घड्याळ पाहिलं. अर्धा तास सांगितला होता, चाळीस मिनिटं झाली होती.

आजीचा अंगठा उमटेना. हात धुतला, पुसला, यंत्रावर ठेवला, नाही. अंगठ्याच्या रेषाच झिजून गेल्या होत्या. पाचव्या खेपेला दुसऱ्या बोटावर भागलं. मी फॉर्म भरला, ह्या वेळी प्रत्येक आकडा दोनदा वाचला. तीन वाजता पावती निघाली. जाताना म्हातारबाबांनी पिशवीत हात घातला आणि दोन मोसंब्या टेबलावर ठेवल्या, एक अण्णांची, एक माझी. “तुझं उठलं ना?” एवढंच विचारलं.

पहाटे घरी येऊन मशीन पूर्ण जोडलं, आणि अण्णांनी दिलेला जुना पंधरा इंची मॉनिटर लावायला गेलो तर त्याची निळी व्हीजीए वायर कार्डाला लागेचना. त्या पिढीच्या कार्डांतून ती जुनी जोडणी काढूनच टाकली आहे, हे मला ठाऊक नव्हतं. यादीत मॉनिटर नव्हता म्हणून त्याची खूणही नव्हती. चारशे रुपयांचा अ‍ॅडॉप्टर आणावा लागला, तो अण्णांच्या पगारातून उचल घेऊन. असो. जीटीए चालली. आमच्या पत्र्याच्या खोलीत, काच जुनी आणि कार्ड नवं अशा थाटात, लॉस सँटोसच्या रस्त्यांवर मी मध्यरात्री गाड्या उडवल्या. मोसंबी मी दोन दिवस खाल्ली नव्हती, शेवटी आईनं कापली.

त्या ऑक्टोबरात इंटेलची आठवी पिढी डेस्कटॉपवर आली. सॉकेट पुन्हा ११५१ च, पण एच-११० वर ती काही केल्या चालत नाही, बायोस कितीही नवा भरा. ते वाचून मी वहीतल्या बरोबरच्या खुणा पाहत बसलो होतो.

अण्णांना मी दिवाळीत शर्टाचं कापड नेलं. त्यांनी ते ठेवून घेतलं आणि पुढच्या महिन्याच्या पगारात तेवढे पैसे वाढवून दिले. ह्या माणसाचं देणं असं कधी फिटूच देत नाही तो. पण अण्णांचं मला तितकं लागत नाही. त्यांच्याशी आठवड्याला बोलणं होतं, आईच्या औषधांची चिठ्ठीसुद्धा तेच फोटो काढून पाठवतात. लागतं ते दुसऱ्यांचं. त्या दोघांची नावं मला पाठ आहेत, मीच टाइप केली होती. इथं लिहिणार नाही. पुढं पात्र शेतकऱ्यांच्या याद्या निघाल्या. त्यांचं गाव काढून बघायला दोन मिनिटं लागली असती. मी बघितलं नाही. नाव असतं तर मी उगाच त्यात आपला वाटा धरला असता, आणि नसतं तर काय धरलं असतं कोण जाणे.

२०२१ मध्ये पुण्याला नोकरी लागली. जाताना कार्ड मावसभावाला दिलं आणि बाकी मशीन अण्णांकडं ठेवलं. त्यांनी सहा हजार मोजून हातात दिले, न घेतले तर मशीन पायरीवर ठेवीन म्हणाले. २०२४ च्या जुलैत ‘लाडकी बहीण’चे अर्ज सुरू झाले तेव्हा मी घरी गेलो होतो. गल्लीत तीच रांग, फक्त बायकांची. कोपऱ्यातल्या टेबलावर माझं मशीन चालू होतं, बाबांनी जोखलेल्या एसएमपीएसवर, आणि एक पोरगी त्यावर भराभरा नावं टाइप करत होती. मी अर्धा दिवस तिच्या शेजारी बसलो.

परवा अण्णांचा फोन आला. विंडोज दहाचा आधार २०२५ च्या ऑक्टोबरात संपला आणि अकरा ह्या मशीनवर चढत नाही म्हणे. मी म्हटलं, नाही चढणार, सातवी पिढी त्यांच्या यादीत नाही. अण्णा हसले. नवं घ्यायचं तर काय घेऊ, विचारलं. बजेट? “तुझाच आकडा धर, बत्तीस.” रॅमचा भाव बघून मी पुन्हा एकदा आकडा खोडला, ह्या खेपेला तो एआयच्या डेटा सेंटरांनी चढवलाय. रात्री बसून यादी केली. सगळ्यात वर एसएमपीएस, मग बोर्ड, आणि बोर्डापुढं त्याच्या बायोसची आवृत्ती आणि ती कुठल्या तारखेपासूनची. मॉनिटरची वायरसुद्धा लिहिली.

सामान मीच घेऊन येतो, शनिवारी सकाळी पोचतो, म्हटलं.

“सकाळी नको,” अण्णा म्हणाले. “रात्री ये. सकाळी लोकं बसलेली असतात.”